कथबर्ट बिशपचं चरित्र कसं वाचावं: एका हिशेबनीस बाईची पद्धत

मी राहते त्या चेस्टर-ल-स्ट्रीट गावात एक बिशप ११२ वर्षं मुक्कामाला होता. म्हणजे त्याची शवपेटी होती. तो स्वतः ती इथं येण्याच्या १९६ वर्षं आधीच वारला होता. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल आणि डरहॅमच्या मधे हे आमचं गाव. मिरजेहून इथं आले तेव्हा कथबर्ट हे नावही मला ठाऊक नव्हतं. पण इकडे शाळा त्याच्या नावाची, चर्च त्याच्या नावाचं, किनाऱ्यावरचं बदकसुद्धा त्याच्याच नावाचं. शेवटी एका हिवाळ्यात त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्या प्रकरणाशीच मिटलं. पोराचा गुडघा सुजतो, पांढऱ्या कपड्यातला घोडेस्वार येतो, गव्हाचं पीठ दुधात शिजवून गरम गरम बांध म्हणतो, गुडघा बरा होतो आणि घोडेस्वार देवदूत निघतो. माझी आजी असलं पोटीस दर पावसाळ्यात बांधायची. तिला कुणी देवदूत म्हटलं नाही.

पुन्हा हातात घेतलं ते तीन वर्षांनी, आणि यावेळी वाचलं ते माझ्या धंद्याच्या सवयीनं. मी हिशेब तपासते. समोर आलेल्या वहीत लिहिलेलं सगळं खरं धरायचं नाही आणि सगळं खोटंही धरायचं नाही. नोंद कोणी केली, कधी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली आणि दुसऱ्या वहीशी तिचा ताळा जमतो का, एवढं बघायचं. तेराशे वर्षांपूर्वीच्या अँग्लो-सॅक्सन बिशपला भेटायला याहून सोपी वाट मला सापडलेली नाही. आता पाहुणे आले की त्यांना हीच पद्धत सांगते, म्हणून एकदा लिहून काढते आहे.

पहिल्या पानावर सनावळी

चरित्र उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवून ठेवा, म्हणजे मधे चुकायला होत नाही.

जन्म साधारण ६३५ च्या सुमारास, नॉर्थम्ब्रिया राज्यात. ६५१ च्या ऑगस्टअखेर मेंढ्यांवर रात्रीची राखण करताना त्याला आकाशात उजेड दिसला. लिंडिसफार्न बेटावरचा बिशप एडन त्याच रात्री गेल्याचं मागून कळलं. त्यावर हा मेलरोजच्या मठात दाखल झाला. मग काही काळ रिपनच्या मठात पाहुण्यांची सरबराई, परत मेलरोज, ६६४ ची साथ (आजारी पडला, वाचला), मग लिंडिसफार्नच्या मठाचा कारभार. ६७६ मध्ये सगळं सोडून इनर फार्न नावाच्या खडकाळ बेटावर एकटा. ६८४ मध्ये धर्मसभेनं बिशप म्हणून निवडलं, २६ मार्च ६८५ ला, ईस्टरच्या दिवशी, यॉर्कला अभिषेक झाला. ६८६ चा नाताळ उलटताच राजीनामा दिल्यासारखा परत बेटावर. २० मार्च ६८७ ला मृत्यू.

बेरीज करून बघा. बिशप म्हणून ज्याची जगभर ख्याती, तो बिशपच्या खुर्चीत पुरती दोन वर्षंसुद्धा नव्हता. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी सनावळी दोनदा तपासली.

दोन वह्या समोरासमोर

कथबर्टचं नशीब असं की त्याच्यावर पाठोपाठ चरित्रं लिहिली गेली. पहिलं लिंडिसफार्नच्याच एका भिक्षूनं लिहिलं, त्याचं नाव कुठंही नाही. दुसरं बीडनं. (आपलं मराठवाड्यातलं बीड नव्हे, हा जॅरोच्या मठातला विद्वान. माझ्या वडिलांना फोनवर हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती.) बीडनं आधी पद्यात लिहिलं, मग ७२१ च्या सुमारास गद्यात, ४६ प्रकरणांत. तुम्हाला लागतात ती निनावी लेखकाचं आणि बीडचं गद्य, ही दोन. १९४० साली केंब्रिजनं ती एकाच खंडात, लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर, छापली आहेत. ग्रंथालयातून तोच खंड मागवा.

निनावी चरित्र कधीचं, हे त्यातूनच काढता येतं, आणि ही युक्ती शिकण्यासारखी आहे. मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, ६९८ मध्ये, कबर उघडली तेव्हा शरीर शाबूत निघालं हे त्यात आलं आहे; म्हणजे त्यानंतरचं. आणि ऑल्डफ्रिथ राजाबद्दल तो 'सध्या राज्य करतो आहे' असं लिहितो; ऑल्डफ्रिथ ७०५ च्या आसपास गेला. दोन्ही कडा मिळाल्या, मधली सहा-सात वर्षं उरली. तारीख नसलेल्या बिलाची तारीख आम्ही अशीच काढतो: त्यावरचा कर कोणत्या दराचा आहे ते बघतो.

बीडची प्रस्तावना मात्र टाळू नका. लोक टाळतात, कारण तीत तो लिंडिसफार्नच्या बिशपला नमस्कार-चमत्कार करत बसलेला दिसतो. पण तपासनिसाच्या दृष्टीनं साऱ्या ग्रंथातलं सोनं तिथं आहे. तो सांगतो की चौकशी केल्याशिवाय काही लिहिलं नाही. आपली टिपणं हेरेफ्रिथ या पाद्र्याला दाखवली. मग सगळं लिखाण लिंडिसफार्नच्या जाणत्यांपुढे दोन दिवस वाचून दाखवलं. आणि मोबदला? मेल्यावर माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि तुमच्या मठाच्या नोंदवहीत माझं नाव चढवा. कथबर्ट गेला तेव्हा बीड चौदाएक वर्षांचा होता, त्यानं जे लिहिलं ते सगळं ऐकीव. पण कोणाकडून ऐकलं ते तो सांगतो, आणि ज्यांच्या घरची ती वही त्यांच्याकडून तपासून घेतो. माझ्या काही गिऱ्हाइकांपेक्षा बरा.

आता एकच गोष्ट दोन्ही वह्यांत शोधा. सुरुवातीला पाणमांजरांची घ्या.

कथबर्ट कोल्डिंगहॅमच्या मठात पाहुणा आहे. तिथली मठाधिपती एब्बा, ओसविऊ राजाची बहीण. रात्री सगळे झोपले की हा गुपचूप बाहेर पडतो. मठातल्या एकाला संशय येतो, तो मागोमाग जातो. कथबर्ट समुद्रात उतरतो आणि उत्तर समुद्राच्या त्या गार पाण्यात उभा राहून पहाटेपर्यंत स्तोत्रं म्हणतो. बाहेर येऊन वाळूत गुडघे टेकतो. मग पाण्यातून दोन प्राणी येतात, त्याच्या पायांवर उच्छ्वास सोडून ते गरम करतात, अंगाच्या केसांनी पुसतात, आशीर्वाद घेतात आणि परत पाण्यात. मागावर आलेला भिक्षू भीतीनं अर्धमेला होतो, दुसऱ्या दिवशी पाया पडून कबूल करतो. कथबर्ट म्हणतो, माफ केलं, पण मी जिवंत आहे तोवर बोलायचं नाही.

निनावी लेखक लिहितो: दोन लहान समुद्री प्राणी. बीड लिहितो: पाणमांजरं. वीस वर्षांत प्राण्याला नाव मिळालं. गोष्ट सांगून सांगून अशीच घट्ट होत जाते, आणि तुम्ही ती घट्ट होताना बघू शकता, कारण दोन्ही वह्या तुमच्यापुढे उघड्या आहेत. मी वहीत तीन रकाने आखते: निनावी, बीड, फरक. या गोष्टीपुढे तिसऱ्या रकान्यात माझी नोंद अशी: 'प्राणी सोडून द्या, पाळत ठेवणारा ठेवा.' कारण पाहुणा म्हणून आलेल्या साधूच्या मागे रात्री माणूस जातो, हे कोणाला मुद्दाम रचायचं कारण नाही. मठ म्हटला की सगळे डोळे मिटून बसलेले असतात हा आपला समज त्या एका भिक्षूनं मोडला.

ताळा जुळत नाही तिथं थांबा

बहुतेक वाचक विसंगती आली की वैतागतात. आमच्या धंद्यात तिथंच चहा मागवतात.

त्या काळी डोक्याचं मुंडण कसं करायचं यावर वाद होता. आयर्लंड आणि आयोना (स्कॉटलंडजवळच्या बेटावरचा मठ) इकडून आलेल्या भिक्षूंची रीत एक, रोमची दुसरी: मधे गोल साफ करून भोवती केसांचं कडं. ईस्टरची तारीख काढण्याचं गणितही दोघांचं वेगळं. ६६४ मध्ये व्हिटबीच्या सभेत ओसविऊ राजानं रोमच्या बाजूनं कौल दिला आणि लिंडिसफार्नचा बिशप कोलमन आपली माणसं घेऊन निघून गेला. कथबर्ट वाढला तो आयोनाच्या वळणात.

आता निनावी चरित्र म्हणतं की कथबर्टनं रिपनला रोमच्या, म्हणजे पीटरच्या, पद्धतीचं मुंडण घेतलं. बीड म्हणतो, तो मठात शिरला आणि मुंडण झालं ते मेलरोजला. कोणत्या रीतीनं, ते लिहीत नाही. आणि रिपनचं काय झालं? बीडच्या चरित्रात एवढंच: एटा मठाधिपती, कथबर्ट आणि बाकीच्यांना तिथून घालवलं आणि जागा दुसऱ्या भिक्षूंना दिली. का घालवलं ते नाही, कोणाला दिली तेही नाही. ते मिळतं बीडच्याच दुसऱ्या ग्रंथात, ७३१ साली पुरा केलेल्या धर्मेतिहासात: रोमची रीत स्वीकारण्याऐवजी त्यांनी जागा सोडणं पत्करलं, आणि मठ मिळाला विल्फ्रिडला.

मग ज्या रिपनमधून रोमची रीत नको म्हणून बाहेर पडले, त्याच रिपनला रोमचं मुंडण कसं झालं? माझं मत: निनावी लेखकानं ती नोंद मागाहून साफ केली. तो लिहीत होता तेव्हा रोमची बाजू जिंकलेली होती. आपला संत सुरुवातीपासून बरोबर बाजूला होता असं दिसायला हवं. वर्षअखेरीला असल्या दुरुस्त्या आम्ही पुष्कळ बघतो.

विल्फ्रिडवर लक्ष ठेवा. हा त्याच पिढीतला दुसरा बडा बिशप. श्रीमंत, भांडखोर, पदावरून काढलं की दाद मागायला थेट रोमला जाणारा. कथबर्टच्या दफनानंतर काय झालं ते बीड चरित्रात असं सांगतो: मठावर संकटाचं असं वादळ आलं की कित्येक भाऊ धोक्यात राहण्यापेक्षा जागा सोडून गेले, वर्षानंतर एडबर्ट बिशप झाला आणि वादळ शमलं. वादळ कसलं, ते नाही. धर्मेतिहास उघडा. तिथं अगदी कोरड्या आवाजात एक ओळ आहे: कथबर्टनंतर नवा बिशप नेमेपर्यंत वर्षभर त्या गादीचा कारभार विल्फ्रिडनं पाहिला.

एका वहीत वर्ष आणि वादळ, दुसरीत वर्ष आणि नाव. बीडनं दोन्ही पानं एकत्र कधी येऊ दिली नाहीत. मी ती जोडली त्या रात्री नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं. तो म्हणाला, "पगार कापणार आहेत का त्याचा?" आणि कूस बदलली.

उसनवारी ओळखा

संतांची चरित्रं लिहिणारे एकमेकांच्या वह्यांतून सर्रास उतरवून घेत. त्यात त्यांना लाज वाटत नव्हती; थोरांच्या शब्दांत आपल्या माणसाला बसवणं म्हणजे त्याचा मान. निनावी लेखकानं प्रस्तावनेतली वाक्यंच्या वाक्यं फ्रान्समधल्या संत मार्टिनच्या आणि इजिप्तच्या अँटनीच्या चरित्रांतून उचलली आहेत. कथबर्ट शांत होता, एकसारखा होता, ना चिडलेला ना खिदळणारा, असं वर्णन आलं की पेन्सिलीनं बारीक फुली मारा. ते त्याचं असेलही, पण पावती दुसऱ्याच्या दुकानाची आहे.

मग त्याचं स्वतःचं काय उरतं? जे उसनं घ्यायला कोणाकडे नव्हतंच ते. माझी कसोटी अशी: तपशील काढून टाकला तर चमत्काराला काही कमी पडतं का? पडत नसेल, तर तो तपशील बहुधा खरा.

डोमकावळ्यांची गोष्ट घ्या. इनर फार्नवर कथबर्टनं पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोपटाच्या छपरातलं गवत दोन कावळे घरट्यासाठी उपसून नेत. त्यानं दटावलं, ते गेले, तीन दिवसांनी एक परत आला, पंख पसरून मान खाली घालून माफी मागितली, आणि मग जोडीनं नजराणा आणला. नजराणा म्हणजे डुकराच्या चरबीचा तुकडा. साधूला पक्ष्यांनी अन्न आणून द्यावं ही जुनी चाल, अँटनी ज्याला भेटायला गेला त्या पॉल साधूच्या गोष्टीत डोमकावळा भाकरी आणतो. पण इथं ती चरबी कोणी खाल्ली नाही. येणाऱ्या पाहुण्यांना कथबर्ट ती दाखवायचा आणि म्हणायचा, घ्या, जोड्यांना लावा. निनावी लेखक सांगतो, वर्षभर पुरली.

समुद्रातून होडीनं आलेल्या माणसाचे चामड्याचे जोडे मिठानं कडक होतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच चरबीचा हा उपयोग सुचतो. चमत्काराला भाकरी जास्त शोभली असती.

असंच कार्लाइलचं. २० मे ६८५, शनिवार. कथबर्टला बिशप होऊन दोन महिने झालेत. एक्गफ्रिथ राजा उत्तरेला पिक्ट लोकांवर चाल करून गेला आहे आणि राणी कार्लाइलला बातमीची वाट बघते आहे. कथबर्ट तिला भेटायला आला आहे, आणि शहराचा कारभारी वागा त्याला गाव दाखवतो आहे: हा रोमनांचा तट, ही त्यांनी बांधलेली विहीर. तिथंच कथबर्ट काठीवर वाकतो, जमिनीकडे बघतो, वर आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, आत्ता या क्षणी लढाईचा निकाल लागला असेल. राजा त्या वेळी मारला गेल्याचं नंतर कळलं. भाकीत बाजूला ठेवा. मला आवडतो तो वागा. राजा मेला-जगला, राज्य बुडायची वेळ, आणि हा नव्या साहेबांना पाण्याची जुनी योजना दाखवतोय. असला माणूस प्रत्येक नगरपालिकेत असतो.

कांद्याचं प्रकरण सावकाश वाचा

बीडचं सदतिसावं प्रकरण. हेरेफ्रिथनं जे डोळ्यांनी पाहिलं ते बीड त्याच्याच तोंडून सांगतो. बाकीचं चरित्र भराभर वाचलंत तरी चालेल, इथं घाई नको.

कथबर्ट बेटावर आजारी आहे. हेरेफ्रिथ भेटून परत लिंडिसफार्नला जातो आणि समुद्र खवळतो. पाच दिवस होडी घालता येत नाही. सहाव्या दिवशी ते पोचतात तर कथबर्ट आपल्या झोपडीत नाही, धक्क्याजवळच्या पाहुण्यांच्या खोपटात बसलेला आहे. एका पायाला जखम चिघळली आहे. हेरेफ्रिथ पाणी गरम करून पाय धुतो, गरम वाइन पाजतो. विचारतो, इथं का आलात? उत्तर: तुम्ही मला न्यायला आलात की सापडावं म्हणून, तेव्हापासून पाच दिवस-रात्री इथंच आहे, हललो नाही. जगलात कशावर? कथबर्ट अंथरुणाची कड उचलून दाखवतो. पाच कांदे. तोंडाला फार कोरड पडली की यातला चावायचो. हेरेफ्रिथ बघतो: एकच कुरतडलेला, तोही अर्ध्याहून कमी.

मी इथं गणित मांडलं. अर्धा कांदा भागिले पाच दिवस. मग वाटलं, मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की चालवत नसताना हा माणूस उठून पाहुण्यांच्या खोलीत येऊन बसला, कारण शोधणाऱ्यांना त्रास नको. तरुणपणी रिपनला पाहुण्यांचे पाय धुणारा तो, मरताना पाहुण्यांच्याच खोलीत. आता पाय त्याचे धुतले जात होते.

आणि त्याच शेवटच्या दिवसांत एक खास बिशपी हिशेब येतो. भिक्षू म्हणतात, तुमचा देह लिंडिसफार्नला नेऊ. हा म्हणतो, मला इथंच पुरा. माझी कबर तिथं झाली तर पळून आलेले गुन्हेगार आसऱ्याला येतील, आणि त्यांच्यासाठी बड्या लोकांकडे रदबदल्या करता करता तुम्ही दमून जाल. ते हट्ट सोडत नाहीत. मग तो तोड काढतो: ठीक, पण चर्चच्या आत पुरा, म्हणजे तुम्हाला वाटेल तेव्हा येता येईल आणि बाहेरच्याला सोडायचं की नाही ते तुमच्या हातात राहील. आपल्या कबरीच्या गर्दीचं व्यवस्थापन मरणाऱ्यानं आधी करून ठेवलं. दोन वर्षांचा का होईना, बिशप होता, आणि कामाला पक्का होता.

उशिराच्या नोंदी वेगळ्या पानावर

डरहॅम कॅथीड्रलमध्ये मागच्या दाराजवळ फरशीत काळ्या संगमरवराची एक रेघ आहे. बायकांनी तिच्या पुढे यायचं नाही, कथबर्टला बायकांचा तिटकारा होता, असं पूर्वी सांगत. मी ती रेघ मुद्दाम दोनदा ओलांडते.

नोंद कधीची ते बघा. दोन्ही जुन्या चरित्रांत तिटकाऱ्याचा मागमूस नाही. उलट लहानपणी सांभाळणारी केन्सविथ, जिला तो आई म्हणायचा आणि मोठेपणीही भेटायला जायचा; कोल्डिंगहॅमची एब्बा; व्हिटबीच्या मठातली एल्फ्लेड, जी त्याला कॉक्वेट बेटावर बोलावून घेऊन विचारते, माझा भाऊ किती जगेल आणि मागून गादीवर कोण; आणि मठाधिपती वेर्का, जिनं दिलेलं तागाचं कापड त्यानं आयुष्यभर वापरलं नाही, कफनासाठी जपून ठेवलं. तिटकाऱ्याच्या कथा येतात बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, डरहॅममध्ये. १०८३ मध्ये तिथल्या बायका-मुलं असलेल्या पाद्र्यांना हटवून ब्रह्मचारी बेनेडिक्टाइन भिक्षू आणले गेले होते. कथबर्ट बायकांना जवळ करत नव्हता असं म्हणण्यात फायदा कोणाचा, ते मी सांगायला नको. बदकांचंही तेच: आयडर बदकांना त्यानं अभय दिल्याची गोष्ट गोड आहे, पण तीही बाराव्या शतकातली. अशा नोंदी खोडू नका. वेगळ्या पानावर घ्या, वर साल टाका.

हे मी चुकून शिकले. एका मंडळात या विषयावर बोलायला उभी राहिले आणि लिंडिसफार्नच्या लालसर दगडी कमानींचा फोटो दाखवून ठणकावलं, हाच कथबर्टचा मठ. मागच्या रांगेतले एक आजोबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, ते अवशेष बाराव्या शतकातले. याचा मठ लाकडाचा असणार." साडेचारशे वर्षांचा घोळ, तोही हिशेबनिसाकडून.

आता जागेवर

लिंडिसफार्नला रस्ता जातो, पण तो दिवसातून दोनदा समुद्राखाली असतो. बीडनंही लिहून ठेवलं आहे की भरती-ओहोटीनं ही जागा रोज दोनदा बेट होते आणि दोनदा जमिनीला जोडली जाते. सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिल जाहीर करते, रस्त्याच्या तोंडाशी फलकही आहे. निघण्याच्या आदल्या रात्री वेळा बघा, निघताना पुन्हा बघा, आणि 'पाणी अजून कुठं आलंय' असं म्हणणाऱ्या भाच्याच्या हातात गाडी देऊ नका. रस्त्याच्या मधे खांबांवर एक पांढरी खोली दिसते. ती पाण्यात सापडलेल्यांसाठी आहे. आम्ही पाण्यात सापडलो नाही, उशिरा पोचलो. वीस मिनिटांसाठी पाच तास अलीकडच्या, बील गावाच्या बाजूला गाडीत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाळूतल्या वाटेचे खांब एकेक करून बुडताना बघितले. पाच तासांत माझ्या नणदेची चुळबुळ बघून हेरेफ्रिथचे पाच दिवस मला पहिल्यांदा नीट कळले.

बेटावर अवशेषांच्या शेजारचं सेंट मेरीज चर्च चुकवू नका: आत सहा भिक्षू कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन चालले आहेत, लाकडात कोरलेले. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी मठ लुटला, ८७५ मध्ये उरलेल्यांनी पेटी उचलली आणि वाट धरली. ८८३ ते ९९५ आमच्या गावात, मग डरहॅमला. तिथं मुख्य वेदीमागे साध्या दगडावर फक्त त्याचं लॅटिन नाव आहे. कॅथीड्रलच्या जुन्या स्वयंपाकघरात आता संग्रहालय आहे. ओकच्या त्या मूळ पेटीचे तुकडे तिथं आहेत, त्यांवर देवदूत आणि शिष्य नुसत्या रेघांनी कोरलेले. शेजारी सोन्याचा, लाल गार्नेट खड्यांचा छोटा क्रूस. १८२७ मध्ये पेटी पुन्हा उघडली तेव्हा तो वस्त्रांच्या घडीत खोल सापडला. जवळ जाऊन बघा: मोडलेला आणि पुन्हा जोडलेला आहे. दाखवायचा दागिना कोणी असा वापरून मोडत नाही.

पेटीत मिळालेलं पुस्तक मात्र इथं नाही. बायबलमधलं जॉनचं शुभवर्तमान, लाल चामड्याची बांधणी, १३८ बाय ९२ मिलिमीटर. ११०४ मध्ये पेटीतून निघालं. मूळ बांधणीसकट शाबूत राहिलेलं युरोपातलं सगळ्यांत जुनं पुस्तक. ब्रिटिश लायब्ररीनं २०१२ मध्ये ते ९० लाख पौंडांना घेतलं. त्याच्यापुढे उभं राहण्याआधी बीडमधलं आठवं प्रकरण वाचून जा: साथीत मरायला टेकलेला गुरू बॉइसिल म्हणतो, माझ्याजवळ सात दिवस आहेत, आणि दोघं मिळून सात दिवसांत जॉनच वाचतात. गुरूची पोथी सात जुड्यांची होती, रोज एक. पेटीतलं पुस्तक ती पोथी नव्हे, नंतरचं आहे. पण ज्यानं ते आत ठेवलं त्याला जॉनच का ठेवावा हे माहीत असणार.

इनर फार्नला सीहाउसेसहून बोटी जातात. मे ते जुलैमध्ये गेलात तर डोक्यावर जाड टोपी हवीच. सुरय पक्षी पिल्लांजवळून जाणाऱ्याच्या टाळूवर चोच मारतात, आणि बिशप-बाकीचे असा भेद करत नाहीत. त्याची झोपडी आता नाही. ती भिंत कशी होती ते बीड सांगतो: आतून जमीन खोल खणलेली, म्हणजे आभाळाखेरीज काही दिसू नये. कुठल्याही खळग्यात बसा, तेच दिसतं.

मुक्काम करता आला तर लिंडिसफार्नवर करा, आणि काळोख पडल्यावर मठाच्या दक्षिणेच्या खडकाळ टेकाडावर जा. तिथले लोक त्याला ह्यू म्हणतात. कथबर्ट गेला त्या रात्री बेटावरच्या भिक्षूनं दोन मेणबत्त्या पेटवून खूण केली होती आणि इकडे टेहळणीवर बसलेला ती बघून चर्चकडे धावला होता. आता इनर फार्नवर एकोणिसाव्या शतकातलं दीपगृह आहे. मी घड्याळ लावून मोजलं: दर पंधरा सेकंदांनी दोन झपके. नुसता योगायोग आहे, मुख्य वहीत चढवू नका.